सुट्टीत आर्केड मशीन विकत आणू नका, घरी बनवा

मंडळी, जुलै-ऑगस्टमध्ये दुबई-शारजाच्या उन्हात मुलं दिवसा बाहेर कुठे जाणार? मग टॅबलेट, आणि आपलं 'पुरे आता!' माझं मत सांगते: या सुट्टीत मुलांबरोबर आर्केड मशीन बनवा. 1978चं स्पेस इन्व्हेडर्स, 1980चं पॅकमॅन... व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उभ्याने खेळायचो ना, तसलंच.

प्लायवूड सुताराकडूनच कापून घ्या, फ्लॅटमध्ये भुसा नको. आत साधा एलसीडी मॉनिटर, रास्पबेरी पाय, जॉयस्टिक, 30 मिमीची बटणं आणि ती यूएसबीला जोडणारा छोटा बोर्ड. प्रत्येक बटणाला दोनच वायरी: एक त्याची स्वतःची, दुसरी सगळ्यांत सामाईक. दहा वर्षांचं मूलही जोडतं. 230 व्होल्टचं काम मात्र मोठ्यांनीच करायचं. आणि खरंखुरं जुनं मशीन मिळालं, तर पिक्चर ट्यूबला हात लावू नका. प्लग काढल्यावरही ती जबर शॉक देऊ शकते.

विकतचं मशीन आयतं येईल, पण मग मुलांशी बोलणार काय? आपल्या घरातली मराठी 'जेव, झोप, अभ्यास कर' एवढीच उरत चालली आहे. नुसती हुकमाची भाषा मुलं टाळतात; हाताला काम देणारी भाषा टिकते. 'पाना दे', 'कड घास', 'तिरपं झालंय', 'सूतभर डावीकडे सरकव'... हे शब्द पुस्तकातून शिकवून बघा बरं!

आजच मोजपट्टी काढा. मॉनिटर मुलांना मोजू दे, आणि आकडे मराठीत मोठ्याने सांगू दे.