ईदीतली बंदूक

ईदच्या सुट्टीनंतर शाळा भरली की पाचवीच्या वर्गात माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ईदीचे काय केले? यंदा बहुतेक मुलग्यांचे उत्तर एकच. ईदगाहबाहेरच्या गाडीवरून प्लॅस्टिकची बंदूक आणि छर्ऱ्यांची पुडी. दोघांनी ईदी मोबाईलच्या गेममध्ये घातली. त्या पैशांत म्हणे हातातल्या बंदुकीचा नुसता रंग बदलतो!

त्याच आठवड्यात प्रेमचंदांची ‘ईदगाह’ वाचून दाखवली. महमूद बंदूकवाला शिपाई घेतो आणि हामिद तीन पैशांचा चिमटा, कारण तव्यावरून रोटी काढताना दादी अमीनाची बोटे भाजतात. इतकी वर्षे शिकवते आहे, पण एक जागा यंदाच खटकली. चिमटा घेताच हामिद तो बंदुकीसारखा खांद्यावर टाकतो आणि शिपायालाही पळवून लावील अशा बढाईने मित्रांवर मात करतो. दादीच्या मायेने घेतलेल्या वस्तूला पोरांत मान मिळवायचा तर हत्यार व्हावे लागले.

महमूदचा शिपाई निदान मातीचा होता, घरी गेल्यावर पाय मोडून बसला. आजचे खेळ तसे मोडत नाहीत. अमेरिकेच्या लष्कराने 2002 मध्ये ‘अमेरिकाज आर्मी’ हा व्हिडिओ गेम स्वतः काढून फुकट दिला. तरुणांनी भरतीकडे वळावे हा हेतू लपवलेला नव्हता. त्यात एक युक्ती होती. दोन्ही गटांतल्या खेळाडूंना पडद्यावर आपण अमेरिकी सैनिक आणि समोरचा तो शत्रू, असेच दिसे.

हे वाचले तेव्हा मला भाचा आठवला. मागच्या ईदला त्याच्या बंदुकीचा छर्रा धाकट्या बहिणीच्या डोळ्याखाली लागला. डोळा वाचला, अल्हम्दुलिल्लाह. मी रागावले तर म्हणाला, “खाला, ती दुश्मन झाली होती ना!” बंदूक मी दिलेल्या ईदीतलीच होती.

थट्टेतही भावावर हत्यार रोखू नये, ही नबी करीम (स.) यांची ताकीद आपण पोरांना सांगतो आणि खेळणे मात्र तेच घेऊन देतो. शब्दांचेही तसेच. क्रिकेटच्या बातमीत तोफा धडाडतात, समोरचा संघ शरण येतो. मीही दहावीच्या मुलांना ‘परीक्षेची लढाई’ म्हणत आले आहे. हजरत अली (रजि.) यांनी मुलाचे नाव हर्ब, म्हणजे युद्ध, ठेवले होते. नबी करीम (स.) यांनी ते बदलून हसन केले, अशी रिवायत आहे. घरात रोज हाक मारायच्या शब्दाची एवढी काळजी!

शेवटी वर्गाला विचारले, चिमट्याची बंदूक न करता हामिदने मित्रांना काय सांगायला हवे होते? एक मुलगी म्हणाली, “टीचर, पहिली गरम रोटी मलाच मिळणार, असं सांगायचं.” सगळे हसले.

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “मग तो हरला असता.”