बुडू शकणारा प्रयोग



साध्या दोलकाचा प्रयोग तुमच्यापैकी वरच्या वर्गांतील मुलांनी केला असेल. दोऱ्याला गोळा बांधायचा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरणाची किंमत काढायची. उत्तर ९.८ यायला हवे हे सर्वांना आधीच ठाऊक असते. मग ते ९.२ आले तर काय करतात, हेही सर्वांना ठाऊक असते! वेळेच्या रकान्यातला एखादा आकडा हळूच खोडला जातो, नवा लिहिला जातो आणि वहीवर सरांची सही होते. मी वीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आहे. अशा शेकडो वह्यांवर मी सह्या केल्या आहेत, आणि खरे सांगायचे तर विद्यार्थिदशेत मीही एकदोनदा असे आकडे खोडले आहेत.

हा दोष मुलांचा नाही, प्रयोगाचा आहे असे माझे मत आहे. ज्या प्रयोगाचे उत्तर चुकले तरी कोणाचे काही बिघडत नाही, त्यात काळजीपूर्वक मोजायचे तरी कशासाठी? विज्ञान प्रदर्शनांची स्थिती याहून वाईट. तिथे मांडलेली ज्वालामुखीची थर्माकोलची प्रतिकृती पुष्कळदा दुकानातून तयार आणलेली असते. म्हणून मला वाटते की, प्रत्येक शाळेत वर्षातून एक तरी प्रयोग असा व्हावा, जो चुकला तर चुकल्याचे सर्वांना दिसेल आणि वही खोडून तो बरोबर करता येणार नाही. मी असा एक प्रयोग केला. घराच्या पडवीत लाकडी पट्ट्यांची कयाक बांधली.

कयाक म्हणजे वरून झाकलेली, दोन्ही टोकांना निमुळती अशी अरुंद होडी. मधल्या भोकात पाय पुढे पसरून बसायचे आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे मारायचे. ग्रीनलंड आणि उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ किनाऱ्यांवरील इन्युइट लोकांची ही शिकारीची होडी. तिकडे मोठी झाडे नाहीत. समुद्रातून वाहत आलेल्या लाकडाचा सांगाडा करून त्यावर ते सीलचे कातडे ताणून शिवत. माप घ्यायला फूटपट्टी नव्हती, स्वतःचे शरीर होते. लांबी सुमारे तीन वाव (दोन्ही हात पसरल्यावर होते ते अंतर म्हणजे एक वाव) आणि रुंदी कमरेएवढी अधिक दोन मुठी, असा ग्रीनलंडमधला एक ठोकताळा आहे. प्रत्येकाची होडी ज्याच्या त्याच्या अंगाची. यामागचे शास्त्र पुढे येईलच.

पट्ट्यांची पद्धत मात्र निराळी आणि बरीच अलीकडची. कॅनडातील पीटरबरो परिसरात एकोणिसाव्या शतकात सिडार लाकडाच्या अरुंद पट्ट्या जोडून होड्या करीत. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात होड्यांच्या शर्यती खेळणाऱ्यांनी त्या पट्ट्यांवर काचतंतूंचे कापड आणि राळ चढवायला सुरुवात केली. त्यामुळे आतला सांगाडाच नाहीसा झाला आणि होडी हलकी झाली. कयाक याच रीतीने घरी कशी बांधावी, यावर निक शेड यांचे १९९८ साली निघालेले पुस्तक प्रसिद्ध आहे.

आमच्या कोकणात पर्यटकांसाठी प्लॅस्टिकच्या कयाक आता पुष्कळ दिसतात. "सर, तयार मिळत असताना हा खटाटोप कशाला?" असे मला आमच्या शिक्षकांच्या खोलीत निदान दहा जणांनी विचारले. विकत आणलेली होडी तरंगली तर त्यात माझे काय, एवढेच मी म्हणालो. ते कोणाला पटले नाही.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू झाले. होडी पाच मीटर लांब, ५६ सेंटिमीटर रुंद. आराखड्यात दर ३० सेंटिमीटरवरचा आडवा छेद दिलेला असतो. तसे प्लायवूडचे साचे कापून ते एका सरळ तुळईवर, दोरी ताणून आणि ओळंबा लावून उभे करायचे. मग ६ मिलिमीटर जाडीच्या आणि २० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या एकीला एक चिकटवत त्या साच्यांवरून वाकवत न्यायच्या. सिडार आमच्याकडे कुठून मिळणार? यंत्रांच्या खोक्यांतून येणारे पाइनचे लाकूड मी भंगारवाल्याकडून घेतले. त्या फळ्या जेमतेम मीटरभर लांब, म्हणून टोके तिरकी तासून पाच-पाच तुकड्यांची एकेक पट्टी करावी लागली. अशा साठ-सत्तर पट्ट्या! शेजारचे सुतारकाका रोज संध्याकाळी येऊन बघत. खाडीतल्या होड्या दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले. "सर, ही होडी नाही, टोपली आहे," असे ते म्हणत, आणि म्हणता म्हणता माझ्या हातातला रंधा काढून घेऊन पट्टी सरळ करून देत.

एवढी लांब पट्टी मोडल्याशिवाय वाकते कशी, हा प्रश्न माझ्या आठवीतल्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारला. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १८ मिलिमीटर जाडीच्या फळीपेक्षा ६ मिलिमीटरची पट्टी २७ पट सहज वाकते. मग अशी लवचीक वस्तू पाण्यात टिकेल कशी? त्यासाठी आतून आणि बाहेरून काचकापड. होडी वाकू लागली की एक थर ताणला जातो, दुसरा दाबला जातो. काच दोन्ही गोष्टींना चिवटपणे विरोध करते, आणि मधल्या लाकडाचे मुख्य काम म्हणजे त्या दोन थरांना एकमेकांपासून दूर धरणे. रेल्वेच्या रुळाचा आडवा छेद आठवा. त्यातही बहुतेक पोलाद वर आणि खाली असते, मध्ये फक्त अरुंद कणा.

काचकापड लाकडावर पसरले तेव्हा ते धोतरासारखे पांढरेशुभ्र होते आणि खालच्या लाकडाचा रंग दिसेना. त्यावर इपॉक्सी राळ ओतून पसरवली आणि कापड बघता बघता अदृश्य झाले! वड्याच्या कागदावर तेलाचा डाग पडला की तेवढ्या जागी कागद पारभासक होतो, तसेच हे. काच मुळात पारदर्शकच. पण कोरड्या कापडात काच आणि हवा यांचे हजारो पृष्ठभाग असतात, त्यांवरून प्रकाश विखुरतो आणि आपल्याला पांढरे दिसते. राळेचा अपवर्तनांक काचेइतकाच, सुमारे १.५५. प्रकाशाला राळ कुठे संपली आणि काच कुठे सुरू झाली ते कळतच नाही. हा भाग मी वर्गात अनेक वर्षे शिकवला आहे. तो डोळ्यांसमोर घडताना प्रथमच पाहिला.

राळेने दोन धडे दिले, दोन्ही महागाचे. पहिला असा की, मी सकाळी दहा वाजता काम सुरू केले. ऊन चढले, लाकूड तापले, त्याच्या छिद्रांतली हवा प्रसरण पावली आणि राळेतून बुडबुडे वर येऊ लागले. चार्ल्सचा नियम माझ्यावर हसत होता! तो सगळा भाग पॉलिश पेपरने घासून काढण्यात दोन रविवार गेले. त्यानंतर काम संध्याकाळी, तापमान उतरत असताना केले. तेव्हा आतली हवा आकुंचन पावते आणि राळ लाकडात ओढली जाते. दुसरा धडा असा की, राळ आणि तिचे कठीणक यांचा संयोग उष्मादायी असतो. पसरट ताटलीत तेच मिश्रण शांत राहते, कारण पृष्ठभाग मोठा असल्याने उष्णता निघून जाते. मी ते खोल वाडग्यात कालवून फोन घ्यायला गेलो. परत आलो तो वाडग्यातून धूर येत होता आणि वाडगा वितळून वाकडा झाला होता. (हे काम हातमोजे घालून, मोकळ्या हवेत आणि मोठ्या माणसांनीच करावे. घासताना उडणारी धूळही नाकात जाऊ देऊ नये.)

आता मुख्य हिशेब. होडी आणि माणूस मिळून ९० किलो धरले, तर होडीने ९० लिटर पाणी बाजूला सारायला हवे. आर्किमिडीजचा हा नियम तुम्हाला पाठ आहे. पण होडी नेमकी किती खोल गेल्यावर ९० लिटर भरतील? कन्येने आलेख-कागदावर प्रत्येक छेद काढला, पाण्याची रेघ आखली आणि रेघेखालचे चौकोन मोजले. सर्वांत मोठा छेद सुमारे ३४० चौरस सेंटिमीटरचा निघाला. सगळ्या छेदांची बेरीज आली ३००० च्या आसपास. दोन छेदांमधले अंतर ३० सेंटिमीटर, म्हणून घनफळ ९०,००० घन सेंटिमीटर, म्हणजे बरोबर ९० लिटर. तरी तिने चौकोन दुसऱ्यांदा मोजले. "बाबा, पुस्तकाच्या मागे उत्तर नाहीये ना, म्हणून," ती म्हणाली. मला जे सांगायचे आहे ते जवळजवळ सगळे या एका वाक्यात आले.

होडी तयार झाल्यावर तोलली तर ती २८ किलोची निघाली. आराखड्यात २२ होते. पाइन सिडारपेक्षा जड, त्याचे चारेक किलो. उरलेले दोन माझ्या सढळ हाताने ओतलेल्या राळेचे. वरच्या सहा किलोंमुळे होडी सुमारे साडेतीन मिलिमीटर अधिक बुडेल असे गणित आले. गावच्या तलावात उतरवल्यावर आम्ही ते पडताळायला गेलो, तर लहान लहान लाटांमुळे पाच मिलिमीटरच्या आतले काही वाचताच येईना. प्रयोगवहीत आम्ही तसेच लिहिले.

आणि त्याच दिवशी मी बुडालो.

झाले असे की, पाय पसरून तळाशी बसल्याने माझे गुडघे दुखू लागले. म्हणून मी स्वयंपाकघरातला लाकडी पाट आणि त्यावर एक उशी अशी बैठक केली. उंची दहा सेंटिमीटर. अंगात तरंगजाकीट होते, पाणी कमरेएवढे होते, काठावर दोन पोहणारे विद्यार्थी उभे होते. एवढी काळजी घेतली होती. काठापासून चार हातांवर गेलो, डावीकडे वळून मुलीला हात केला, आणि दुसऱ्या क्षणी तळ्याचा तळ पाहिला. वर आलो तेव्हा विद्यार्थी माझ्याकडे पाहत नव्हते. हसू दाबण्यासाठी दोघांनी माना फिरवल्या होत्या. सुतारकाका म्हणाले, "सर, तुम्ही जेवायला बसला होता की होडीत?"

होडी कलली की पाण्याखालच्या भागाचा आकार बदलतो आणि वर ढकलणारे प्लावक बल कललेल्या बाजूला सरकते. त्या बलाची रेषा होडीच्या मध्यरेषेला ज्या बिंदूत छेदते त्याला जहाजबांधणीत मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेल तर होडी पुन्हा सरळ होते. वर गेला तर उलटते. माझ्या होडीत हे अंतर सुमारे १५ सेंटिमीटर होते. माणसाला दहा सेंटिमीटर उचलले की होडी आणि माणूस यांचा मिळून गुरुत्वमध्य सात सेंटिमीटर वर येतो. राहिले आठ. तेही सराईताला पुरले असते, हात करणाऱ्या नवशिक्याला पुरले नाहीत. शिवाय मेटासेंटरची प्लावककेंद्रापासूनची उंची होडीच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असते. रुंदी ५६ ऐवजी ५० केली तर ती उंची जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते. त्या दोन मुठींचा अर्थ मला तळ्याच्या काठावर ओल्या कपड्यांनी उभा असताना कळला.

हे सूत्र मी दरवर्षी फळ्यावर सिद्ध करून दाखवतो. त्यावर प्रश्न काढतो, गुणही देतो. तरीही मी पाट ठेवला. परीक्षेत मला पैकीच्या पैकी गुण पडले असते.

खर्चाचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. राळ आणि काचकापड स्वस्त नाहीत, आणि माझे रविवार मे महिन्यापर्यंत पुरले. प्रत्येक शाळेने पाच मीटरची होडी बांधावी असे माझे म्हणणे नाही. दहावीच्या वर्षात हे नकोच, असे म्हणणारे पालकही मला भेटले आहेत. आमच्याकडे मदतीला येणारा एक मुलगा जानेवारीत याच कारणाने यायचा थांबला. पट्ट्यांचे तिरके सांधे सर्वांत चांगले तोच करीत असे. ते सांधे कमी महत्त्वाचे होते असे मला अजूनही वाटत नाही.

तुम्ही एक पंचमांश आकाराची प्रतिकृती करा. लांबी एक मीटर, रुंदी साधारण अकरा सेंटिमीटर. साचे जाड पुठ्ठ्याचे, पट्ट्या बुरुडाकडच्या बांबूच्या बारीक कामट्या, वरून कागद आणि वॉर्निश. लांबी पाचपट कमी झाली की घनफळ १२५ पट कमी होते. म्हणून ९० किलोंच्या जागी तुमची होडी आणि तिच्यातील ओझे मिळून ७२० ग्रॅम व्हायला हवे. पाण्याची रेघ आधी आलेख-कागदावर काढा, होडीवर पेन्सिलीने आखा आणि मगच पिंपात सोडा. ओझ्यासाठी वाळूची पुरचुंडी तळाशी ठेवा आणि होडी बोटाने कलवून सोडून द्या. ती किती वेळा डोलून स्थिर होते ते मोजा. नंतर तीच पुरचुंडी आडव्या काड्यापेटीवर ठेवून पुन्हा कलवा. काड्यापेटीची जाडी पाचपट केली की जवळजवळ आमचा पाट होतो.