वजन विषाचें कीं पिठाचें?

पांच लिटर दुधांत पांच लिटर पाणी घातलें, तर दूध किती? आमच्या शाळेंतलें पोर "पांच" म्हणून सांगतें. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखालीं हाच हिशेब आज "दहा" असा धरला जातो, आणि त्यावर माणसाचें आयुष्य टांगलेलें असतें.

हेरॉइन ५ ग्रॅमहून कमी असेल तर शिक्षा फार तर एक वर्ष. २५० ग्रॅमहून जास्त भरलें, कीं दहा वर्षांहून कमी शिक्षा देतांच येत नाहीं, जामीनहि महाकठीण. २००८ सालीं एका अपिलांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, वजन निखळ विषाचेंच धरावें. त्या खटल्यांत चार किलोंच्या वर भुकटी होती, पण तींत हेरॉइन सुमारें ६० ग्रॅम निघालें. शिक्षा कमी झाली. २००९ सालीं सरकारनें अधिसूचना काढून सगळ्या मिश्रणाचें वजन धरण्यास सांगितलें. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनीं तेंच कायम केलें व २००८ चा निर्णय चुकीचा ठरविला.

न्यायालयाचें म्हणणें पोकळ नाहीं. विष बाजारांत भेसळ करूनच विकलें जातें, आणि आमचीं तरणीं पोरें त्यानेंच नासतात. पण परिणाम पाहा. २०० ग्रॅम निखळ हेरॉइन बाळगणारा दलाल २५० च्या आंत राहतो. त्याला दहा वर्षें ही कमाल शिक्षा. सहा ग्रॅम विष तीनशें ग्रॅम भुकटींत मिसळलेलें वाहणाऱ्या हमालाला दहा वर्षें ही किमान शिक्षा! हा कुठला न्याय?

गांजाचेंहि ऐका. कायद्यानें गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांचे शेंडे. शेंड्यांवेगळीं पानें व बिया नव्हेत. व्यापारी प्रमाण २० किलोंच्या वर. मुळें, देठ, ओली पालवी एकाच पोत्यांत तोललीं, तर कांटा कुठें जाईल तें शेतकऱ्यास सांगावयास नको.

म्हणून दोन गोष्टी करा. पंच म्हणून बोलावलें, तर शेंडे किती व पाला किती हें वेगळें तोलून लिहिल्याशिवाय पंचनाम्यावर सही करूं नका. आणि घरचें कोणी तुरुंगांत असेल, तर १९८७ च्या कायद्यानें त्यास फुकट वकील मिळतो. तो मागा, अपील वेळेंत करा.

विष विकणाऱ्याची आम्ही तरफदारी करीत नाहीं. शिक्षा ठरवितांना निखळ विष किती होतें हें न्यायाधीशास पाहतां यावें, एवढी दुरुस्ती संसदेनें करावी. शिक्षा विषाची द्या, पिठाची नको.