टेनिसची रॅकेट : जोर कीं ताबा?

सायंकाळीं शाळेच्या क्रीडांगणावर टेनिस खेळणारे विद्यार्थी हल्लीं मला एक प्रश्न वारंवार विचारतात : "सर, ताबा ठेवणारी रॅकेट घेऊं काय?" अशा रॅकेटीची किंमत थोडी नसते, म्हणून पालकांनाही उपयोगीं पडेल असें माझें मत येथें मांडितों.

लांकडी रॅकेटीचें तोंड साधारणतः 65 ते 70 चौरस इंच असे. 1976 सालीं हॉवर्ड हेड ह्या अमेरिकन गृहस्थांची 110 चौरस इंचांची रॅकेट आली, आणि पुढें मोठ्या तोंडाच्या, जाड व ताठ चौकटीच्या रॅकेटींचा प्रसार झाला. ताठ चौकट चेंडूच्या आघातानें फारशी वांकत नाहीं. त्यामुळें फटक्याची शक्ति वायां न जातां चेंडूस मिळते. उलट ताबा ठेवणाऱ्या रॅकेटीचें तोंड बहुधा 95 ते 98 चौरस इंच, चौकट बारीक व किंचित् लवचीक, आणि तारा दाट, पुष्कळदां उभ्या 18 व आडव्या 20, असतात. तिच्यावरून चेंडू कमी जोरानें, परंतु योजिलेल्या जागीं जातो.

एका सहकाऱ्यांकडून अशी रॅकेट मागून आणून मीं ती तीन सायंकाळीं वापरली. आरंभीं माझे नेहमीं रेषेबाहेर जाणारे फटके आंत पडूं लागले, व मला मोठी धन्यता वाटली. परंतु तासाभरानें पाय थकले, चेंडूपाशीं पोहोंचण्यास उशीर होऊं लागला, आणि त्याच रॅकेटीनें मारलेला चेंडू जाळ्यांत अडकूं लागला. मोठ्या तोंडाची रॅकेट अर्धवट फटक्यासही सांभाळून घेते. ही घेत नाहीं. ताबा मुळांत हातापायांतच असावा लागतो. असलेला ताबा ही रॅकेट राखिते, नसलेला देत नाहीं.

म्हणून ज्याचा हात पूर्ण फिरतो व चेंडू वारंवार लांब जातो, त्यानें ती अवश्य घ्यावी. नवशिक्यानें घेऊं नये. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं हात उसने पैसे घेऊन मुलास अशी जड रॅकेट आणून दिली. खांदा दुखूं लागल्यावर तो मुलगा दोन महिन्यांत खेळच सोडून बसला. कर्ज मात्र वर्षभर फिटत होतें. तो प्रसंग मला विसरवत नाहीं.

थोर खेळाडूची रॅकेट पाहून मोहित होणाऱ्यांनीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं, रॉजर फेडरर ह्यांनीं 2014 सालीं आपली 90 चौरस इंचांची रॅकेट सोडून 97 चौरस इंचांची घेतली, आणि 2017 सालीं, वयाच्या 35 व्या वर्षीं, तिनेंच ऑस्ट्रेलियन अजिंक्यपद मिळविलें. मोठें तोंड घेण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. तो आमच्या मुलांस कां वाटावा?

पालकांस माझी विनंति इतकीच : आधीं मुलाच्या जुन्याच रॅकेटीच्या तारा थोड्या अधिक ताणून घ्याव्या, तेवढ्यानेंही ताबा वाढतो, आणि खर्च अल्प येतो. तरीही नवी घेणें असेल, तर ती कोणाकडून मागून आणावी व मुलास थकेपर्यंत तिनें खेळूं द्यावें. ताज्या दमाच्या पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक रॅकेट चांगलीच वाटते. देवानें दिलेल्या कोंवळ्या खांद्यास काय झेपतें, तें शेवटच्या दहा मिनिटांत कळतें.