आठवणी ऐकायला कोण जाणार?

'म्हातारपणी माणूस मागचेच उगाळत बसतो,' असे आपण सहज बोलून जातो. आजोबांनी तीच गोष्ट चौथ्यांदा काढली की घरातली मंडळी एकेक करून उठतात. घरात निदान उठून जायला तरी माणसे असतात. वृद्धाश्रमात तीही नसतात. मग हे मागचे उगाळणे म्हणजे मनाचा रोग की मनाचे औषध?

१९६३ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने याचे उत्तर दिले. आयुष्याची अखेर जवळ आली की माणूस आपले गतायुष्य तपासू लागतो. ते बुद्धी चळल्याचे लक्षण नसून स्वाभाविक आहे, असे त्याने मांडले. आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत हा आयुष्याचा ताळेबंदच! तो जुळला तर समाधान, न जुळला तर खंत. ही दुसरी शक्यताही बटलरने लपवली नव्हती.

पुढे याची कसोटी लागली. २००३ साली डच संशोधकांनी वीस अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आठवणींना पद्धतशीर वाट करून दिल्यास वृद्धांची खिन्नता कमी होते असे दिसले. स्मृतिभ्रंश झालेल्यांवरील २२ अभ्यासांचा आढावा २०१८ साली निघाला. त्यात लाभ बेताचा व कमीअधिक आढळला. मात्र निवासी संस्थांतील वृद्धांना तो अधिक अंगांनी झाला होता. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे. पण टाकाऊही नव्हे.

आपल्याकडे काय चालते? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांसाठी आश्रम असावा असे म्हटले आहे. तेथे कोणत्या सोयी असाव्यात हे सांगताना वैद्यकीय मदतीबरोबर मनोरंजनाचा उल्लेख आहे. आपणही त्याच वाटेने जातो. वर्षातून एकदा केळी वाटायची, दोन गाणी म्हणायची, फोटो काढायचा आणि परतायचे. बोलतो आपण, ऐकतात ते! खरे तर हे उलट व्हायला हवे.

सेवा योजनेच्या भेटीत मला एक वृद्ध विणकर भेटले. 'यांना काही आठवत नाही,' असे तेथल्या सेवकाने सांगितले. मराठीत विचारले की ते 'हो', 'नाही' एवढेच म्हणत. मी कन्नडमध्ये मागाबद्दल विचारले, तेव्हा हातानेच धोटा फेकून दाखवीत ते अर्धा तास बोलत राहिले. आठवण गेलेली नव्हती. तिची भाषा कोणी बोलत नव्हते. बेळगावात भाषेवरून आपण पुष्कळ भांडलो. निदान या कामी तरी दोन्ही भाषा येणे हे भांडवल समजावे.

यावर आक्षेप असा, की जुने काढले की म्हातारी माणसे रडतात. रडतात, हे खरे. पण गेलेल्या माणसासाठी डोळ्यांत पाणी येणे निराळे आणि जुना अपमान रोज घोळवीत कुढणे निराळे. दुसऱ्या प्रकाराने मन अधिकच खचते. म्हणून ऐकणाऱ्याने खोदून विचारू नये, वकिली करू नये. ज्याला बोलायचे नाही, त्याच्याजवळ नुसते बसावे. खिन्नता खोल असेल तर डॉक्टरच हवेत. आपण त्यांची जागा घेऊ शकत नाही.

मित्रहो, माझी सूचना साधी आहे. वर्षाची एक भेट बंद करून प्रत्येकाने एकाच आजी-आजोबांकडे दर पंधरवड्याला अर्धा तास जावे. मराठी विभागाने मराठी बोलणाऱ्यांकडे, कन्नड विभागाने कन्नड बोलणाऱ्यांकडे. आणि दोन्ही येणाऱ्यांनी जेथे गरज असेल तेथे. प्राध्यापकांनी याला सेवा योजनेच्या तासांत धरावे. यासाठी निधी लागत नाही, पावतीपुस्तक लागत नाही. लागतो तो फक्त कान, आणि तीच गोष्ट पाचव्यांदा ऐकण्याची तयारी.