सासूबाईंना उन्हाळी का कळली नाही?

मैत्रिणींनो, उन्हाळी लागणे म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. थेंब थेंब लघवी, आग, ठणका, आणि मग धण्याचे पाणी नाहीतर भिजवलेला सब्जा. म्हणूनच गेल्या मे महिन्यात माझ्या सासूबाईंना लघवीचा जंतुसंसर्ग झालाय असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला ते खरेच वाटेना. त्यांची कसली म्हणून तक्रार नव्हती. दोन दिवस जेवण कमी झाले, तिसऱ्या दिवशी मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागल्या, मोरीत जाताना तोल गेला. "वय झालं आईचं," असे आमच्या ह्यांनी म्हटले आणि मीही मान हलवली. रात्री थंडी वाजून ताप भरला तेव्हा कुठे धावपळ. "आई, जळजळ होत होती का?" विचारले तर म्हणाल्या, "मले काहीच नाही झालं वो." आणि त्या खोटे बोलत नव्हत्या, बरं का!

जळजळ कशी होते ते पाहा. आपल्या भागातल्या कितीतरी बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात. संध्याकाळी त्यांचे हात पेटल्यासारखे होतात. मिरचीतले कॅप्सेसिन कातडीतल्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंना डिवचते. हे तंतू मेंदूला निरोप धाडतात, शिवाय तिथल्या तिथे काही द्रव्ये सोडतात. त्यातले एक 'सबस्टन्स पी', १९३१ साली सापडलेले. दुसऱ्याला थोडक्यात सीजीआरपी म्हणतात. यांना पेप्टाइड म्हणतात, म्हणजे प्रथिनांचेच लहान तुकडे. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, लाली-सूज येते, रक्तातल्या रक्षक पेशी धावून येतात. मूत्राशयाच्या अस्तरातही असेच तंतू असतात. ई. कोलाय जंतू तिथे घुसले की तेच बोंब मारतात. तीच आपली उन्हाळी.

पण वय वाढले की पुष्कळांच्या मूत्राशयाची जाणीव मंदावते. जुना मधुमेह असेल तर तंतूच दुबळे होतात. संसर्ग असतो, निरोप मात्र पोचत नाही. याच्या उलटही घडते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले की वारंवार संसर्ग झाला तर मूत्राशयात या तंतूंना जादा फुटवे फुटतात आणि जंतू गेल्यावरही आग, घाई चालूच राहते. म्हणजे आग नाही म्हणून संसर्ग नाही असे नव्हे, आणि आग आहे म्हणून जंतू आहेतच असेही नव्हे. मागच्या खेपेची उरलेली कॅप्सूल डब्यातून काढून देणाऱ्यांनी (मीही त्यातलीच होते) हे ध्यानात ठेवावे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत आणखी दोन गोष्टींची भर पडते. पारा ४५ च्या वर, आणि म्हाताऱ्या बाया मुद्दाम पाणी तोडतात. रात्री उठायला नको म्हणून! जंगलालगतच्या गावात तर अंधारात बाहेर पडायचे म्हणजे वाघ-अस्वलाची भीती. दुसरी गोष्ट लाज. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, ती १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्यासाठी आधी कधी तपासून घेतलेल्या होत्या फक्त ८ टक्के. तेव्हाच्या तरण्या बायाच आज आजी झाल्या आहेत. त्या आपणहून काय सांगणार?

तेव्हा घरात पाहणे आपल्याकडेच आले. ताप, थंडी, कुशीत दुखणे, लघवी कमी होणे किंवा कपड्यात होणे, एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलणे, यातले काही दिसले तर वयावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मात्र भ्रम झाला म्हणजे लघवीचाच दोष असेही धरून चालू नका. अंगातले पाणी वा मीठ कमी झाले, एखादे औषध बाधले, तरी तसेच होते. उलट पुष्कळ वृद्ध बायकांच्या लघवीत जंतू सापडतात पण त्रास काही नसतो. त्यांना सहसा औषध लागत नाही. तपासणीला लघवी देताना आधी जागा धुवावी, पहिली धार सोडून मधली घ्यावी. औषध सांगितले तितके दिवस द्यावे. पाळी गेल्यावर वारंवार त्रास होत असेल तर आतून लावायचे इस्ट्रोजेनचे मलम मिळते, त्याबद्दल डॉक्टरीणबाईंना विचारावे.

आमच्याकडे आता खाटेजवळ रात्रीसाठी झाकणाचे भांडे असते. पाणी, मठ्ठा, पन्हे दिवसा उजेडी घोट घोट द्यायचे, संध्याकाळनंतर कमी. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्यांनी पाणी किती ते डॉक्टरांनाच विचारायचे. भांड्याला सासूबाईंनी आठवडाभर तोंड वाकडे केले. आता मीच ते धुवायला नेले तर रागावतात.