अस्तर तयार होईपर्यंत तिला थांबू द्या



काही विषय आपल्याकडे फक्त स्वयंपाकघरात आणि तेही हळू आवाजात बोलले जातात. टेस्ट ट्यूब बेबी हा त्यातलाच एक. आता कंधारसारख्या तालुक्याच्या गावातूनही लेकी-सुना या उपचारासाठी नांदेडला, लातूरला जातात. स्त्रीबीजं काढली, भ्रूण तयार झाले, इथवर घरचे सगळे उत्साहात असतात. मग भ्रूण आत सोडण्याआधी गर्भपिशवीचं अस्तर तयार करायचे दोन-तीन आठवडे येतात आणि घराचा धीर नेमका तिथेच सुटतो. डॉक्टर म्हणाले, "अस्तर पातळ आहे, या महिन्यात नको," की जणू सुनेनेच काहीतरी कमी केलं, असं वातावरण होतं.

माझं मत सांगते. हे थांबणं म्हणजे उपचार लांबणं नाही, हा उपचाराचाच भाग आहे. आणि जीवदया मानणाऱ्या आपण बायकांनी तर हे इतरांपेक्षा आधी समजून घ्यायला हवं.

आधी हे काम कसं चालतं ते पाहू. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी होते आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू होतात. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. साधारण 7 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त जाडी आणि पडद्यावर तीन स्पष्ट रेघा दिसल्या की पुढचं पाऊल टाकतात. मग प्रोजेस्टेरॉन देतात. त्याने अस्तर भ्रूणाला धरून ठेवण्याजोगं होतं. पाच दिवस वाढवलेला भ्रूण असेल तर प्रोजेस्टेरॉनचे पाच दिवस झाल्यावर तो आत सोडतात. भ्रूणाचे दिवस आणि अस्तराचे दिवस जुळावे लागतात, म्हणून गोळी चुकवून चालत नाही आणि तारीख लग्नकार्य बघून पुढे-मागे करता येत नाही. पाळी नियमित असेल तर कधी कधी या गोळ्यांशिवाय, तिच्या स्वतःच्या चक्रावरही हे करतात. कोणाला काय लागू पडतं ते डॉक्टरांनी ठरवायचं.

अस्तर पातळ राहण्याची कारणंही ऐका. आधी कधी क्युरेटिंग झालेलं असतं आणि आत व्रण राहिलेले असतात. कधी गर्भपिशवीचा क्षय होऊन गेलेला असतो आणि बाईला त्याचा पत्ताही नसतो. कधी कारण सापडतच नाही. यातलं काहीही सुनेच्या हलगर्जीपणाने होत नाही. दूध-तूप जास्त खाल्लं की अस्तर जाड होतं, असंही नाही.

या थांबण्यामागे आपल्याच देशातला मोठा इतिहास आहे. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून 3 ऑक्टोबर 1978 ला 'दुर्गा' जन्मली. इंग्लंडमधल्या जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी! डॉक्टरांनी तो भ्रूण लगेच आत सोडला नव्हता. 53 दिवस गोठवून ठेवला आणि नंतरच्या नैसर्गिक चक्रात सोडला. त्या काळी त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, चौकशी समिती बसली, आणि 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. 'एक डॉक्टर की मौत' हा सिनेमा त्यांच्याच आयुष्यावरून सुचलेला आहे. आपल्या मुंबईत केईएम रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 ला हर्षाचा जन्म झाला, तो डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांच्या कामामुळे. पुढे मुखोपाध्यायांच्या नोंदी वाचून 1997 मध्ये पहिलेपणाचा मान त्यांना जाहीरपणे दिला तो याच आनंद कुमारांनी. स्वतःकडचा मान असा दुसऱ्याला द्यायला मन मोठं लागतं.

आज भ्रूण गोठवून नंतर सोडणं ही नेहमीची गोष्ट झाली आहे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांना, भ्रूण जसाच्या तसा राहतो. महिना-दोन महिने थांबल्याने त्याचं वय वाढत नाही. उलट अस्तर तयार नसताना घाईने सोडला तर तो रुजण्याची शक्यता कमी होते. भ्रूणात जीव आहे असं आपण मानतो ना? मग त्याची जागा नीट होईपर्यंत थांबणं हे आपल्या अहिंसेला धरूनच आहे. भ्रूण किती करायचे, उरले तर त्यांचं काय, हा प्रश्न याहून अवघड आहे. तो नवरा-बायकोने उपचार सुरू होण्याआधी बोलून घ्यावा.

आता उपासाबद्दल. अशा दिवसांत कोणी आयंबिल सुचवतं, कोणी म्हणतं अठ्ठाई कर, इच्छा पूर्ण होईल. हेतू चांगला असतो, पण मला हे पटत नाही. आपल्या श्वेतांबर परंपरेतल्या कल्पसूत्रात त्रिशलामातेचं वर्णन आठवा. गर्भ राहिल्यावर तिने फार थंड नाही, फार उष्ण नाही, फार तिखट नाही असा मानवेल तो आहार घेतला, शोक आणि भीती दूर ठेवली. मोठी तपश्चर्या केली असं तिथे नाही. तपाची हौस घरातल्या इतरांनी करावी. तिला सामायिक, नवकार, स्वाध्याय पुरे.

चौविहार असेल तर पच्चक्खाण घेण्याआधी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. वेळ बसत नसेल तर महासतीजींना विचारावं. पच्चक्खाणात आगार असतात, ते अशाच प्रसंगांसाठी. प्रोजेस्टेरॉन बऱ्याचदा योनीमार्गे किंवा इंजेक्शनने देतात, ते खाणं नव्हे. काही कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे प्राणिज असतं. चालत नसेल तर सुरुवातीलाच सांगा, जेल किंवा इंजेक्शनचा पर्याय निघू शकतो. मनाने औषध मात्र बंद करू नका.

काही घरांत पाळीत बाजूला बसायची रीत अजून आहे. पहिली सोनोग्राफी नेमकी त्याच दिवसांत असते. तेव्हा लोह्यावरून नांदेडला तिच्यासोबत कोण जाणार, डबा कोण देणार, हे आधीच ठरवा. तिने एकटीने एसटीत उभं राहून जावं, हे कोणत्या शास्त्रात आहे?

माझ्या नात्यातल्या एका सुनेची तारीख दोनदा पुढे गेली. दुसऱ्यांदा ती घरी आली तेव्हा पहिला प्रश्न आला, "म्हणजे परत खर्च?" ती काही बोलली नाही, आत जाऊन भाजी निवडायला बसली. मी बी.कॉम. झालेली, घराचा जमाखर्च वर्षानुवर्षं लिहिते, त्यामुळे खर्चाची चिंता मला कळते. पण तो प्रश्न दवाखान्यात आणि सुरुवातीलाच विचारायचा असतो. तारीख पुढे गेली तर जास्तीचे किती लागतील? भ्रूण ठेवण्याचं वर्षाचं भाडं किती? दवाखाना 2021 च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे का? या कायद्याने दोघांची लेखी संमती लागते आणि भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. कागदावर सही करण्याआधी हे सगळं वाचून घ्यावं, आणि सुनेलाही वाचू द्यावं.

सासूबाईंनो, तुमच्या एका वाक्यावर तिचा महिना अवलंबून असतो. ती सोनोग्राफी करून आली की "किती झालं?" असं दारातच विचारू नका. आधी पाणी द्या, बसू द्या. आकडा ती आपणहून सांगेल. आणि तो कमी असला तर एवढंच म्हणा, "बरं, पुढच्या महिन्यात बघू. मी येते तुझ्याबरोबर."

जय जिनेंद्र.